साप्ताहिक सभा आणि पन्नाशीनंतरचा पुरुष

१. शंका, पण सभेबाहेर

तालुक्याच्या गावी रोटरी क्लबाच्या साप्ताहिक सभेत ‘पुरुषांचे आरोग्य’ या विषयावर एखाद्या मूत्ररोगतज्ज्ञाचे व्याख्यान झाले, की अध्यक्ष शिरस्त्याप्रमाणे “कोणाला काही शंका?” असे दोनदा विचारतात, सभागृहात एकही हात वर होत नाही, आभारप्रदर्शन उरकते, वक्त्याच्या हाती सन्मानचिन्ह पडते, आणि मग मंडळी पांगू लागली, की जेथे डॉक्टरांची गाडी उभी असते तेथे एकेक गृहस्थ हळूच येऊन, आपल्या एका मित्राची कैफियत मांडीत असल्याचा आव आणून, जवळजवळ त्याच शब्दांत एकच प्रश्न विचारतो: पन्नाशी उलटली, रात्री दोनतीनदा लघवीला उठावे लागते, हे वयाचेच म्हणून सोडून द्यायचे, की तपासून घ्यायचे?

या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर अवघड नाही. ते पुढे क्रमाने येईल. परंतु जो गृहस्थ वर्षानुवर्षे दवाखान्याची पायरी चढलेला नसतो, तोच क्लबाच्या सभेस मात्र दर आठवड्यास इमानेइतबारे हजर असतो, ही गोष्ट त्या उत्तराइतकीच विचार करण्याजोगी आहे, आणि प्रारंभ तिच्यापासून केलेला बरा.

२. हजेरीचे सामर्थ्य

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या एका वकिलाने एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी अशा तिघा परिचितांस एकत्र जमविले, आणि आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटण्याचा जो परिपाठ त्यांनी घातला, त्यातूनच पुढे ‘रोटरी’ हे नाव रूढ झाले. लायन्स क्लब त्याच शहरातून १९१७ मध्ये निघाला. हिंदुस्थानात रोटरीचा पहिला क्लब १९१९ साली कलकत्त्यास व दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, मुंबईस स्थापन झाला. आणि जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी व्यापारी, वकील, डॉक्टर, कारखानदार, शिक्षक अशा मंडळींचे हे एक मान्यताप्राप्त भेटीचे स्थान कालांतराने होऊन बसले.

या संस्थेचे दोन जुने नियम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला वर्गीकरणाचा: प्रत्येक व्यवसायाचा प्रतिनिधी सभासदांत असावा, म्हणजे एकाच धंद्याच्या लोकांचा तो अड्डा होऊ नये, यामुळे बहुतेक क्लबांत एक-दोन डॉक्टर घरचेच सापडतात आणि वर्षभर दर आठवड्यास नवा वक्ता कोठून पैदा करावा, या विवंचनेत असलेल्या कार्यक्रम-चिटणिसाला आरोग्य हा विषय हुकमी ठरतो. दुसरा नियम हजेरीचा: सभा चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन ती भरून काढावी, इतका पूर्वी त्याचा कटाक्ष असे. २०१६ पासून क्लबांना याबाबत बरीच मोकळीक मिळाली आहे, तथापि जुन्या सभासदांच्या अंगी ती सवय मुरलेली आहे.

आता दवाखाना आणि सभा यांतील फरक पाहा. दवाखान्यात जाणे म्हणजे आपणास काही झाले आहे, हे आधी स्वतःशी व मग घरातील माणसांशी कबूल करणे होय. सभेला जाण्यास असे कोणतेही निमित्त लागत नाही. स्त्रीचा निदान गर्भारपणाच्या व मुलांच्या लसीकरणाच्या निमित्ताने तरी आरोग्यकेंद्राशी संबंध येतो, तिचे वजन होते, रक्तदाब पाहिला जातो. धडधाकट पुरुषास मात्र वयाच्या विशीपासून पन्नाशीपर्यंत, हाड मोडल्याखेरीज किंवा विम्याच्या कागदपत्रांसाठी सही लागल्याखेरीज, वैद्याची गाठ घेण्याचा प्रसंगच येत नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१६-२० च्या आकडेवारीनुसार भारतात पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६८.६ वर्षे, तर स्त्रीचे ७१.४ वर्षे आहे. हे अंतर केवळ दवाखाना टाळल्यामुळे पडते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण त्यात तंबाखू, दारू, अपघात, व्यवसायातील धोके यांचाही वाटा आहे. परंतु टाळाटाळीचा वाटा त्यात मुळीच नाही, असे कोणताही अनुभवी डॉक्टर म्हणणार नाही.

पाश्चात्त्य देशांनीही ही अडचण ओळखली आहे. अमेरिकेत १९९४ पासून जून महिन्यात पुरुष-आरोग्य सप्ताह पाळला जातो. ऑस्ट्रेलियात गावोगावी सुतारकामाच्या छपऱ्या उभारून निवृत्त पुरुषांना एकत्र बसविण्याची चळवळ १९९० च्या दशकात सुरू झाली. तिच्या मुळाशी असलेली समजूत अशी, की पुरुष समोरासमोर बसून दुखणे सांगत नाहीत, पण शेजारी शेजारी काम करताना सांगतात. क्लबाची सभा हे आपल्याकडील त्याच जातीचे साधन आहे. मात्र तेथे वीस-पंचवीस मिनिटांत काय सांगावे, याची निवड बहुधा चुकते. ती कशी, हे कळण्यासाठी प्रथम, रात्रीच्या त्या उठण्यामागे बहुधा जी ग्रंथी असते, तिची ओळख करून घेतली पाहिजे.

३. ग्रंथी आणि तिची जागा

मूत्राशयाच्या तळाशी, जेथून मूत्रमार्ग सुरू होतो तेथे, त्या मार्गाला चोहोंकडून वेढून एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते, आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करणे हे तिचे काम. चाळिशीनंतर, पुरुषी संप्रेरकाच्या प्रभावाखाली, ती बहुतेकांच्या बाबतीत हळूहळू वाढू लागते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुसंख्यांत ही वाढ आढळते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले असून त्यांतील वाताष्ठीलेचे वर्णन या विकाराशी बरेच जुळते, यावरून ही तक्रार आधुनिक राहणीने निर्माण केलेली नाही एवढे निश्चित.

मोटेचे पाणी थारोळ्यात पडते आणि तेथून पाटाने मळ्यात जाते, हे ज्याने पाहिले असेल त्याला यातील यंत्रणा चटकन उमगेल. थारोळे म्हणजे मूत्राशय, पाट म्हणजे मूत्रमार्ग, आणि पाटाच्या अगदी तोंडाशी दोन्ही बाजूंची माती म्हणजे ही ग्रंथी. ती माती फुगून आत सरकली, की पाण्याची धार बारीक होते, थांबत थांबत वाहते, आणि थारोळे पुरते रिकामे न होता तळाशी काही पाणी राहून जाते; मग ते लवकर भरते आणि पुनःपुन्हा उपसावे लागते. मात्र येथे आणखी एक गोष्ट घडते, जी मातीच्या पाटात घडत नाही: ग्रंथीतील व मूत्राशयाच्या मुखाशी असलेले स्नायू आकुंचन पावूनही मार्ग आवळतात. अडथळ्याची ही दोन कारणे असल्यामुळे औषधेही दोन प्रकारची आहेत. स्नायू सैल करणाऱ्या अल्फा-ब्लॉकर गोळ्यांचा गुण काही दिवसांत येतो, परंतु त्यांनी रक्तदाब थोडा उतरत असल्यामुळे झटकन उठताना घेरी येऊ शकते. ग्रंथीचा आकार कमी करणाऱ्या फिनॅस्टेराइड जातीच्या गोळ्यांना मात्र काही महिन्यांची मुदत द्यावी लागते, आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून त्या सोडून देणारे रुग्ण थोडेथोडके नाहीत.

आणि एक महत्त्वाचे. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचे रूपांतर कर्करोगात होत नाही. वाढ होते ती ग्रंथीच्या आतल्या, मूत्रमार्गालगतच्या भागात. कर्करोग बहुतांशी उद्भवतो तो बाहेरच्या, मागच्या भागात. यामुळेच अनेकदा असे होते, की ज्याला रात्री चारदा उठावे लागते त्याला कर्करोग नसतो, आणि ज्याला तो असतो त्याला आरंभी काहीच तक्रार नसते.

४. सात प्रश्नांची गुणपत्रिका

‘त्रास होतो’ हे विधान मोघम आहे. डॉक्टरला मोजमाप हवे असते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघाने १९९२ साली सात प्रश्नांची एक पत्रिका तयार केली, ती आज जगभर वापरली जाते, आणि व्याख्यानात तिच्याइतकी उपयुक्त दुसरी वस्तू नाही, असे माझे मत आहे. गेल्या एका महिन्यापुरते विचारायचे ते असे: लघवी पूर्ण झाली नाही असे वाटते काय, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते काय, धार मध्येच थांबून पुन्हा सुरू होते काय, लागल्यावर धरवत नाही काय, धार मंद झाली आहे काय, सुरू करण्यासाठी जोर लावावा लागतो काय, आणि रात्री किती वेळा उठावे लागते. पहिल्या सहांना ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत ० ते ५ गुण द्यावयाचे, सातव्याला जितक्या वेळा उठणे तितके गुण, कमाल ५. एकूण गुण ३५. सातांपर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, त्यावर तीव्र.

समजा, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचे गुण अनुक्रमे २, ३, १, २, ३, ० आणि ३ असे पडले. बेरीज १४, म्हणजे मध्यम. आता पत्रिकेत आठवा एक प्रश्न असतो, त्याचे गुण बेरजेत धरीत नाहीत: ही स्थिती जन्मभर अशीच राहिली, तर तुम्हांस कसे वाटेल? मुख्याध्यापक म्हणाले, “काही हरकत नाही, पहाटे उठण्याची सवयच आहे,” तर डॉक्टर संध्याकाळचा चहा कमी करण्यास सांगून सहा महिन्यांनी बोलावतील. तेच १४ गुण असलेला एस.टी.चा चालक, ज्याला थांबा येईपर्यंत गाडी सोडता येत नाही, तो “असह्य आहे” म्हणाला, तर त्याला औषध सुरू होईल. उपचार आकड्यावरून ठरत नसून आकडा आणि माणूस या दोहोंवरून ठरतो.

शिवाय रात्री उठावे लागण्याचा सर्व दोष या ग्रंथीच्या माथी मारणेही बरोबर नाही. मधुमेहात लघवीचे प्रमाणच वाढते. दिवसभर पायांवर साचलेली सूज आडवे झाल्यावर उतरते व तिचे पाणी मूत्रात येते. रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी सकाळऐवजी रात्री घेतली जाते. झोपेत घोरताना श्वास अडकणाऱ्यालाही वारंवार जाग येते. सर्दीची काही औषधे तर याच्या उलट, वाढलेल्या ग्रंथीच्या माणसाची लघवी साफ अडवून धरतात, म्हणून औषधाच्या दुकानातून परभारे गोळी आणून घेणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

५. रक्तातील एक आकडा

व्याख्यान रंगले, की क्लबाचे पदाधिकारी उत्साहाने जाहीर करतात: पुढील महिन्यात सर्व सभासदांची पी.एस.ए. तपासणी मोफत! या घोषणेवर टाळ्या पडतात. माझ्या मते टाळ्या वाजविण्यापूर्वी थोडा हिशेब करावयास हवा.

पी.एस.ए. हे प्रोस्टेट ग्रंथी तयार करीत असलेले एक प्रथिन आहे. वीर्य पातळ करणे हे त्याचे काम, आणि त्याचा किंचित अंश रक्तात उतरतो. कर्करोगात तो वाढतो; पण ग्रंथीच्या साध्या वाढीत, जंतुसंसर्गात, आणि नुसत्या वयानेही तो वाढतो. दर मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही रूढ मर्यादा मानली, तरी तिच्या वर गेलेल्यांपैकी, विशेषतः ४ ते १० च्या टप्प्यात, चौघांमधील सुमारे एकालाच कर्करोग सापडतो. उलट जो फिनॅस्टेराइड घेत आहे त्याचा आकडा निम्म्यावर येतो, आणि ही गोष्ट प्रयोगशाळेस न सांगितल्यास खोटा दिलासा मिळतो.

अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०१८ साली याचा ताळेबंद मांडला. ५५ ते ६९ वयाच्या एक हजार पुरुषांची सुमारे तेरा वर्षे वेळोवेळी ही तपासणी केली, तर अंदाजे २४० जणांचा आकडा केव्हा ना केव्हा वाढलेला निघेल आणि त्यांतील बहुतेकांना सुईने ग्रंथीचा तुकडा काढून तपासावा लागेल. त्यांपैकी १०० जणांस कर्करोग सापडेल. ८० जण शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतील. त्यांतील सुमारे ५० जणांचे लैंगिक सामर्थ्य दीर्घकाळ उणे होईल आणि १५ जणांना लघवीवर ताबा राहणार नाही. एवढ्याने या रोगाचा मृत्यू टळेल तो एकाचा, फार तर दोघांचा. पाच जण तपासणी होऊनही या रोगाने जातील. याचे कारण असे, की हा रोग अनेकांच्या बाबतीत इतका संथ असतो, की तो त्रास देण्यापूर्वी माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. त्याला तो सापडलाच नसता तर त्याचे काहीही बिघडले नसते. म्हणून त्या दलाने ५५ ते ६९ या वयात हा निर्णय प्रत्येकाने आपल्या डॉक्टराशी बोलून घ्यावा असे सांगितले, आणि सत्तरीनंतर ही सरसकट तपासणी करू नये असे म्हटले.

हजारांतील तो एक जण कोणाचा तरी पिता आहे, हे मला मान्य आहे. ज्याच्या वडिलांना वा भावाला हा रोग झाला, त्याने तर ही चर्चा लवकर करावी. माझा आक्षेप तपासणीस नाही. चर्चेवाचून, वड्याची बशी हातात असताना रांगेत उभे राहून घेतलेल्या तपासणीस आहे.

६. जे व्याख्यानात राहून जाते

भारतीय पुरुषांत जो कर्करोग सर्वाधिक आढळतो, तो तोंडाचा आहे. कारणही उघड आहे: २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढ पुरुषांपैकी ४२.४ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत असल्याचे दिसले, आणि सुपारी त्यात जमेस धरलेली नाही. महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर २०१२ साली बंदी घातली. तिच्या अंमलाविषयी पानपट्टीसमोर उभा राहणारा कोणीही साक्ष देऊ शकेल. असे असता, पुरुषांच्या आरोग्यावरील व्याख्यानात प्रोस्टेटला वीस मिनिटे आणि तोंडाला शेवटचे अर्धे मिनिट, हा प्रकार परक्या देशातील चित्रफिती तशाच उचलल्याचा परिणाम आहे.

आणि येथे तपासणीस लागते काय? उजेड आणि दोन डोळे. तिरुअनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसते तोंड पाहण्याचा मोठा प्रयोग केला, त्याचे फलित २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. हजारांत एक आणि एकतृतीयांश ही दोन मापे निरनिराळी आहेत, त्यांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे. परंतु एकीकडे सुई, शस्त्रक्रिया आणि त्यांचे परिणाम आहेत, दुसरीकडे एक विजेरी आहे, हा फरक समजण्यास गणित लागत नाही. भारत सरकारच्या कार्यक्रमातही तिशीनंतर सर्वांची जी तपासणी योजिली आहे, तीत रक्तदाब व मधुमेहाबरोबर तोंड आहे, स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुख आहे, प्रोस्टेट नाही. घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा अशी: तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी समोरच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा अथवा चट्ट्यासारखी जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, तर दाखवावयास हवे.

दुसरी राहून जाणारी गोष्ट रक्तदाबाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत दर चार पुरुषांमागे सुमारे एकाचा रक्तदाब वाढलेला होता किंवा तो त्यासाठी औषध घेत होता. क्लबात यंत्र बहुधा असतेच, पण ते चालते चहापानानंतर, उभ्याने, गप्पा मारताना. आणि असा आकडा निरुपयोगी असतो. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीत असावा, अर्ध्या तासात चहा वा विडी झालेली नसावी, आणि १४०/९० च्या वर आकडा आला तरी एकाच मोजणीवर निर्वाळा न देता दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. मोजणी चहाच्या आधी ठेवली, तर एवढे सहज साधेल.

तिसरी गोष्ट मनाची. देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहांपैकी सुमारे सात पुरुष असतात, आणि धंद्यात खोट आलेला, कर्जात सापडलेला सभासद सलग तीन सभांना आला नाही, तर ते सर्वांत आधी हजेरीपुस्तकात दिसते. चिटणिसाने अशा वेळी दंडाची आठवण न पाठविता घरी जाऊन यावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. तो क्रमांक सभेच्या निमंत्रणपत्रिकेवर छापण्यास काही खर्च नाही.

७. सभेची तजवीज

येथवर आल्यावर कार्यक्रम-चिटणिसास करण्याच्या सूचना थोड्याच उरतात. व्याख्यानापूर्वी सर्वांना सात प्रश्नांची पत्रिका द्यावी, नाव लिहू नये, बेरीज ज्याची त्याने करावी आणि कागद खिशात ठेवावा. शंका चिठ्ठ्यांवर निनावी मागवाव्यात. ‘मित्राच्या वतीने’ येणारे सर्व प्रश्न मग सभागृहातच येतील. रोटरीने १९८९ पासून स्त्रियांना सभासदत्व दिले आहे, आणि वक्त्याने त्या बसल्या आहेत म्हणून ‘खालचा भाग’, ‘तो त्रास’ अशी मोघम भाषा वापरण्याचे कारण नाही. नवऱ्याला अखेर दवाखान्यात आणणारी बहुधा घरची स्त्रीच असते, तिला नेमके शब्द कळलेले बरे. आणि वक्त्याने शेवटी कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी, किती खर्चात दाखविता येईल एवढे फळ्यावर लिहावे.

वाचकाला मात्र एक सांगणे आहे. सात प्रश्नांचा निकाल पुढच्या आठवड्यापर्यंत, किंबहुना पुढच्या महिन्यापर्यंत, थांबू शकतो. परंतु लघवीत एकदाच का होईना रक्त दिसले, तर, दुखत नसले तरी, त्याच आठवड्यात डॉक्टरास दाखवावे. आणि लघवी पूर्णपणे अडून ओटीपोट तटतटले, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.